न लागलेली आग

काय सांगायचं हो, मूर्खपणा करावा तर माणसानं एकट्यानं करावा. मी केला तो आख्ख्या उत्रोलीला बोलावून केला! आज तुम्ही हसणार, हसा. आमच्या मंडळी मात्र या गोष्टीला अजून हसलेल्या नाहीत.

संस्थानी अमदानीतली गोष्ट. भोराबाहेर उत्रोलीच्या वाटेवर दामूशेठांची भाताची गिरणी होती. तेलावरचं इंजिन, भलामोठा पट्टा आणि दिवसभर कोंडाच कोंडा. मी तिथला कारकून. गिरणीच्या भिंतीला लागूनच शेठांनी मला राहायला खोली दिली होती. खोली कसली, कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर! पण मृग तोंडावर आला म्हणून नुकतंच ते नव्यानं शाकारून घेतलं होतं. त्यासाठी मंडळींनी माझा किती जीव खाल्ला ते विचारू नका. भोरचा पाऊस ठाऊक आहे ना? एकदा लागला की माणूस दसऱ्यापर्यंत वाळत नाही.

अशात एक दिवस शेठ घाम पुसत आले.

"भाऊसाहेब, सोमवारी तपासनीस येतोय. कामगारांच्या जिवाच्या काळजीचे नियम बघायला मागणार. नियम नसले तर गिरणीला कुलूप!"

"आणि मी?"

"तुम्ही कुलपाच्या बाहेर."

झालं! पुण्याला शिकलेला माणूस मी, मला कोण आवरणार? बसलो लिहायला. 'गिरणीत विडी ओढू नये.' 'चालत्या पट्ट्याजवळ पदर वा धोतराचा सोगा सोडू नये.' इथवर ठीक होतं. पण हात तापला की माझा थांबतोय कुठला? 'गिरणीत कोणीही निजू नये.' 'गिरणीलगत गवताची गंजी अथवा छप्पर असू नये.' वा! वाचून माझाच मला आदर वाटायला लागला.

शेवटचा नियम मात्र खास. 'आग अशी आरोळी ऐकताच हातचं काम टाकून, न घाबरता, न बोलता, रांगेनं चिंचेखाली उभं राहावं. कोणी काही विचारल्यास उत्तर देऊ नये.' उत्तर का देऊ नये? अहो, लिहिताना भारदस्त वाटलं म्हणून!

पोत्यावर उभं राहून मी सगळ्यांना नियम वाचून दाखवले. पाखडणाऱ्या बायांत एक गोदाक्का होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊसायेब, न घाबरता पळायचं?"

"हो."

"मग पळायचं कशापायी? घाबरलंच न्हाई तर सूप टाकून जाईल कोन?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. मला राग आला. म्हटलं, हे असं चालायचं नाही, यांच्याकडून घटवून घेतलं पाहिजे. शनिवारी भर दुपारी, कोणाला काही न सांगता, मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आग! आग!"

काय सांगू! इंजिन थांबलं. बाया निघाल्या, हमाल निघाले, रांगेत, तोंडं मिटून, थेट चिंचेखाली. गोदाक्का तर सगळ्यांच्या पुढं. माझी छाती फुगली. आता येऊ दे म्हटलं तपासनीसाला!

तपासनीसाआधी उत्रोली आली.

आता महिना कुठला होता? वैशाख! शेताशेतांतून राब भाजायचं, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचं काम जोरात. जो तो हातात ओली डहाळी घेऊन ठिणगीवर नजर ठेवून उभा. गिरणीच्या मागच्या शेतातून धुराचा लोट वर चढलेला. त्यात माझा हा आवाज! बांधाबांधावरून माणसं धावली. हंडे, कळशा, घागरी, जे हाताला लागलं ते घेऊन. सगळ्यांत पुढं कोंडिबा, आमच्या समोरचा शेतकरी. आडदांड माणूस, पण काळीज सोन्याचं.

"कुठं लागलीया?" त्यानं रांगेला विचारलं.

रांग गप्प.

"गोदाक्का, तू तरी बोल की!"

गोदाक्कानं ओठ घट्ट मिटून आभाळाकडं बघितलं. माझा नियम ती इतका पाळील असं वाटलं नव्हतं हो!

"आरं, वाचाच गेली समद्यांची! लई मोठी हाय आग!"

मी मधे पडलो. "अहो, आग नाहीच आहे! खोटीच ओरडलो मी!"

कोंडिबानं माझ्याकडं कीव करून पाहिलं. "धूर डोस्क्यात गेला ह्यांच्या. धरा रं ह्यास्नी!"

दोन गड्यांनी मला उचललं आणि चिंचेखाली नेऊन उभं केलं. रांगेतच!

मग कोंडिबानं धोतर वर खोचलं. "आदी भाऊसायबांचं छप्पर वडा! गवताला ठिणगी लागली तर संसार जाईल बिचाऱ्यांचा!"

आमच्या डोंगरातल्या गावांची हीच रीत. आग विझवायची नंतर, शेजारचं गवत आधी उतरवायचं. माणसं आढ्यावर चढली. आकड्या लागल्या, वासे कडाडले, नवं कोरं गवत पेंढ्या-पेंढ्यांनी अंगणात पडलं. आमच्या मंडळींना दोन म्हाताऱ्यांनी हाताला धरून अदबीनं बाहेर आणलं. हातात पोळपाट तसाच.

"अहो, आग कुठं लागलीय?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तोंडच नव्हतं मला, आणि नियमही तसाच होता!

सोमवारी तपासनीस आला. नियम वाचून खूष. खोलीचे उघडे वासे बघून तर जास्तच खूष. "गवती छप्पर आपण होऊन काढलंत? शाबास!" शेठ हसले. गिरणी वाचली, माझी नोकरीही वाचली.

तो गेल्यावर मी हळूच म्हटलं, "शेठ, पाऊस तोंडावर आलाय. छपराचं तेवढं..."

"गवत? तुमच्याच नियमात बसत नाही, भाऊसाहेब. कौलं घाला की!"

"कारकुनाच्या पगारात कौलं? मग पावसाळाभर गिरणीत तरी..."

शेठांनी भिंतीवर डकवलेल्या नियमांकडं बोट केलं. 'गिरणीत कोणीही निजू नये.' अक्षर माझंच, वळणदार.

संध्याकाळी ढग गडगडायला लागले. ट्रंक, वळकटी आणि न बोलणारं कुटुंब घेऊन अंगणात उभा होतो, तेवढ्यात कोंडिबा आला. ट्रंक खांद्यावर टाकून आम्हाला सरळ आपल्या घरी घेऊन गेला. पडवी झाडून दिली, घोंगडी अंथरली. मी हात जोडले.

"कोंडिबा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले, भाऊसायेब? सुखानं ऱ्हावा. आमच्या घरात काय नेम-बिम न्हाईत." मग वर आढ्याकडं बघून जरा घुटमळला. "येकच सांगनं हाय. तुमी कायबी झालं तरी हितं वरडायचं न्हाई. आमचं छप्पर बी गवताचंच हाय."