आईच्या उशाचा दगड

ईस्टर म्हणजे मेलेले एक दिवस उठतील या भरवशाचा सण. त्या सकाळी बाबा आईच्या कबरीवरचा दगड धूत होते. काळ्या दगडावर पाणी पडलं की त्यातले पांढरे स्फटिक चमकतात. ते दिसेपर्यंत बाबा ओल्या फडक्यानं पुसत राहतात. मी फुलं घेऊन शेजारी उभी होते.

बाबांनी हयातभर संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलं, की देवानं सहा दिवसांत जग घडवलं. मी कॉलेजात शिकवते, की हा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. जेवताना आमचं हटकून जुंपायचं.

"बायबलात सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीचे दिवस मोजले कशानं?" मी विचारायची. बाबा लालबुंद व्हायचे. आई मध्येच भाकरी वाढायची. "पृथ्वी कुठं पळून जात नाही. आधी जेवा."

ती गेली आणि वादही थांबला. घरात घड्याळ आहे, सूर्य रोज उगवतो, तरी कालचा दिवस केवढा होता ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. देवाचा दिवस केवढा असेल, याचा विचार मी हल्ली हळू आवाजात करते.

बाबांनी फडकं पिळलं आणि पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "किती जुना म्हणतेस गं हा?"

"कोट्यवधी वर्षांचा, बाबा," मी जपून म्हणाले.

त्यांनी दगडावर तळवा ठेवला.

"मग बरंय. ती उठेपर्यंत टिकेल."