बिननावाचा गुंड

फिरून पोट भरणाऱ्या माणसाला लोक हमखास म्हणतात, चला, मुलूख तरी पाहून झाला. मी एसटीच्या खिडकीतून जो मुलूख पाहिला तो बहुतेक पेंगतच पाहिला. बी.ए. होऊन नोकरी न मिळालेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर सत्तरच्या दशकात कोणाजवळ नव्हते. माझ्याजवळ मामाची छिन्नी होती. मामा भांड्यांवर नावे कोरत असे. त्याची नजर अधू झाली तेव्हा छिन्नी माझ्याकडे आली. पत्र्याच्या पेटीत छिन्नी, हातोडी आणि वाचायला एखादे पुस्तक टाकून मी वाशीमहून गावोगावचे बाजार करू लागलो. लोक मला ‘नाववाला’ म्हणत. माझे नाव कोणी विचारले नाही.

मजुरी अक्षरावर होती. त्यामुळे माणसांच्या मोठेपणाबद्दल मला मनापासून आदर असे. ‘चि. सौ. कां.’, ‘माजी सरपंच’, ‘यांजकडून सप्रेम भेट’ हे माझे अन्नदाते होते. एका गृहस्थांनी पळीवर स्वतःच्या नावाखाली आपली सगळी पदे मागितली होती. पळी संपली, थोरवी उरली. गरीब माणूस दोन-तीन अक्षरांत आटपे. लग्नसराईत दिवसभर ठोकाठोक केल्यावर कोपराखालचा हात माझा वाटत नसे, आणि बसमध्ये डोळे मिटले तरी कानात छिन्नी चालूच राही.

अशाच एका वैशाखात मी रिठदला एका बौद्ध शेतकऱ्याच्या अंगणात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचे लग्न होते. ती इंझोरीला जाणार होती. त्याने माझ्यापुढे नवाकोरा पितळी गुंड आणून ठेवला. गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचे भांडे. पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.

“नाव काय टाकू?”

“नाव नोका टाकू. ‘लेकीले, बापानं.’ इतकंच ठोका.”

नाववाल्याला बिननावाचे काम! मी कारण विचारले. त्याने ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आपल्या बहिणीकडे बोट दाखवले. उत्तर तिनेच दिले.

“माह्या भांड्याइवर नाव होतं ना बाप्पा, माहेरचं. लग्नात सासरच्यायनं नाव बदललं. मंग मले हाकललं, तवा भांडे मांगाले गेली, तं म्हनत, या नावाची बाई आमच्या घरात कधी आलीच नाही.” तिने एक खडा निवडून लांब फेकला. “खोटं कुठं बोलले?”

आता मला काम कळले. लेकीवर उद्या कशीही वेळ आली तरी हा गुंड तिला आपला म्हणून दाखवता आला पाहिजे. नाव बदलता येते, बाप बदलता येत नाही, असे त्या माणसाचे साधे तर्कशास्त्र होते. मी कॉलेजात शिकलो त्यापेक्षा ते बरे वाटले.

तो मांडवाचे बांबू रोवायला गेला आणि त्याचा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. हा वाशीमला एका कचेरीत नोकरीला होता. टेरिकॉटची पँट, खिशाला दोन पेने.

“लेकीले काय, लेकीले? उद्या वऱ्हाडात चार शिकलेली माणसं असतील. ‘लेकीला’ लिहा. शुद्ध.”

कचेरीतल्या माणसाचे ऐकण्याची सवय मला बेकारीने लावली होती. शिवाय ऊन चढले होते. मी ‘लेकीला’ ठोकले. तेवढ्यात बाप आला.

“वाचा बरं.”

मी वाचले.

“ला?” तो म्हणाला. “ला तं तलाठी म्हनते! म्या माह्या पोरीले कधी ला म्हटलं? हिले वाटन, कोन्या साहेबानं देल्ला.”

“दादा, ते शुद्ध...”

“तुही शुद्ध तुह्या कचेरीत ठेव!”

पितळेवरचा ठोका पुसता येत नाही. घासला तर पत्रा पातळ होतो आणि डाग राहतो. नवा गुंड आणायला रिसोड गाठायला हवे, आणि लग्न उद्यावर. बाप तो ‘ला’ अंगठ्याने घासून पाहू लागला. भाऊ मात्र साहेबी आवाजात म्हणाला, “त्यात काय? ‘ला’वरती मात्रा द्या. झालं ‘ले’!”

मात्रा दिल्याने काना जात नाही, हे सांगायला मी तोंड उघडले. पण त्याने हात हलवून ‘द्या, द्या’ म्हटले. मी दिली. आत हळद लावून बसलेली नवरी उठून बाहेर आली, खाली वाकली आणि शाळेतल्यासारखी वाचू लागली, “ले... की... लो.”

ओट्यावरून आत्याच हसली.

“लेकी, लो! अवं, बाप तुले ‘घे’ म्हनून राह्यला!”

“हे तं हिंदी झालं,” भाऊ पुटपुटला.

“होऊ दे. असा गुंड दुसऱ्या कोनाजवळ हाये काय, नाववाले?”

नाही, मी म्हणालो. माझ्या हातून तरी पुन्हा होणार नाही.

“मंग राहू द्या,” आत्या बापाला म्हणाली.

त्याने नवरीकडे पाहिले. तिने गुंड कडेवर घेऊन पाहिला आणि मान डोलावली. पुढे ‘बापानं’ एवढे मी ठोकले, शब्दशः त्याच्या सांगण्याप्रमाणे.

दोनेक वर्षांनी इंझोरीला झाडाखाली पेटी उघडून बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हते. स्टीलची भांडी येऊ लागली होती आणि दुकानदार नाव मशीनवर फुकट घालून देत. कडेवर गुंड घेतलेली एक बाई माझ्यापुढे थांबली. गुंडाला पोचे पडले होते, पण अक्षरे ओळखीची होती.

“भावाभावाइत घर वाटलं ना,” ती म्हणाली. “सासू म्हने, इतक्या गुंडाइत तुहा कोनता? म्या म्हटलं, वाचा. दिरानं वाचलं. सारे हासले.”

“मग?”

“मंग काय? हासले, म्हनजे माहाच झाला ना.”

“आणखी काही कोरायचं?”

“नाही बाप्पा,” म्हणाली आणि पाण्याला गेली. मी पेटी बंद केली. बस यायला बराच अवकाश होता.