दुसऱ्या गालावरचा तीळ

रंगात कालवलेल्या अळशीच्या तेलाचा वास आला की मला निजामाच्या काळातली आमची सरकारी हुन्नरशाळा आठवते. तिथं आम्ही हिमरू शालींची नक्षी काढायला शिकायचो. अर्धी नक्षी काढायची, कागदाची घडी घालायची आणि उरलेली अर्धी तिच्यावरून उतरवायची. गुलमंडीजवळच्या टॉकीजमधल्या पेंटरचाचांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, म्हणून शाळेच्या मास्तरांनी टॉकीजच्या मालकाला गळ घालून मला तिथं सिनेमाचे फलक रंगवायला पाठवलं. माझं काम पसंत पडलं, तर शाळेतल्या माझ्या मागच्या पोरांनाही तिथं वाव मिळणार होता. पहिल्याच फलकासाठी मी छोट्याशा फोटोवरून नायिकेचा चेहरा मोठ्या कागदावर काढला, सवयीनं अर्धाच, आणि बाकीचा घडी घालून उतरवला. रंगवलेला फलक उभा केला तेव्हा मास्तरही बघायला आले होते. मालक बघतच राहिले. "मास्तर, बाईच्या दोन्ही गालांवर तीळ? हेच शिकवता व्हय शाळेत?" मास्तरांनी मान खाली घातली. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात चाचा पुढं आले, रेषेवरून बोट फिरवत मालकाला म्हणाले, "हाथ एकदम साफ है साब. अब्बी तक शालांच देखा है, आदमी का चेहरा नै देखा. इसकू मेरे पास छोडो." मग जास्तीचा तीळ त्यांनी माझ्याच हातानं पुसायला लावला. पुढं आमच्या शाळेची कितीतरी पोरं त्यांच्या हाताखाली तयार झाली. मी तर जन्मभर चेहरेच रंगवले, आणि अजूनही कुणाचा चेहरा काढायला बसलो की आधी दुसरा गाल बघतो.