तिसऱ्या पत्रातला शब्द

इंग्रजीत माणसाला त्रास देण्याचे किती प्रकार आहेत, हे मला स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्येच पाठ झालं होतं. इरिटेट, ऑफेन्ड, एम्बॅरस, ह्युमिलिएट, इन्टिमिडेट. म्हणजे वैताग आणणं, मन दुखावणं, चारचौघांत लाजवणं, पार इज्जत काढणं, धाक घालणं. सर फळ्यावर सौम्य शब्द खाली लिहायचे, जहाल वर. मला वरचे आवडायचे. ते आले म्हणजे इंग्रजी आली, अशी माझी समजूत होती.

पुढं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-रजा बघणाऱ्या कचेरीत, लागले. तिथं भांडणं मराठीत व्हायची, शिव्या हिंदीत आणि कामगारांना द्यायची ताकिदीची पत्रं मात्र इंग्रजीत. सुपरवायझर खुर्ची ओढून गाऱ्हाणं सांगायचा, मी ते टाइप करायची. मग ज्याच्याविरुद्ध पत्र असेल तो कामगार येऊन विचारायचा, "ताई, काय लिवलंय?" मी दोन वाक्यांत सांगितलं की तो सही करायचा. सहीच्या वर छापील ओळ असायची: मजकूर वाचला, समजला, मान्य आहे. तीसुद्धा इंग्रजीतच. तीन पत्रं झाली की चौकशी लागायची, आणि चौकशी होऊन परत मशिनवर आलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

बिडकीनहून येणारा एक लेथवाला होता. आवाज खणखणीत, जे काही असेल ते तोंडावर. उशिरा आल्याची दोन पत्रं त्याला आधीच मिळालेली. एका सकाळी सगळ्या लाइनीसमोर तो सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, माप चुकलंय तुमचं. आधी मोजायला शिका." माप खरोखरच चुकलेलं होतं, म्हणून तर सुपरवायझर इतका तापला.

"असं लिहा, की वाचून वरचे हादरले पाहिजेत," तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला.

मी आधी एम्बॅरस लिहिलं. घडलं होतं तेवढंच. मग ते खोडून इन्टिमिडेट, म्हणजे धाक घातला, असं टाकलं. खरं सांगते, माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. वाक्य ठसठशीत झालं म्हणून मीच खूश होते.

दुपारी तो सहीला आला. "ताई, काय लिवलंय? लई वंगाळ नाय ना?"

"नेहमीचंच आहे. साहेबांना उलट बोललात म्हणून."

"बोललो ते खरंय," म्हणत त्यानं सही केली. जाताना सांगून गेला, की पोरीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू झालंय.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला बोलावून विचारलं, "हात उगारला होता का त्यानं?" मला माहीत नाही, असं मी म्हणाले. शब्द माझा आहे, तो जरा जास्त झालाय, एवढं बोलायला हवं होतं. नाही बोलले. दुपारनंतर पाहिलं, तर त्याच्या मशिनजवळ सिक्युरिटीवाला उभा होता. मी कँटीनमध्ये गेले की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबू लागलं. तो मात्र रोजच्यासारखा डबा खात होता. त्याला अजून कशाचा पत्ताच नव्हता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

चौकशीला हेड ऑफिसकडून जे वकील आले, त्यांना मराठी येत नव्हती. दुभाषी म्हणून मलाच बसवलं. धाक घातल्याचं तुम्ही सहीनिशी मान्य केलंय, असं त्यांनी मला लेथवाल्याला सांगायला लावलं. मी सांगितलं.

तो माझ्याकडे वळला. "धाक? ताई, मी निस्तं माप चुकलंय म्हणलो. धाक कवा घातला?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. वकिलांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. हे तुम्हीच लिहिलंत ना, शब्द बरोबर आहे ना, असं विचारलं. सुपरवायझर समोरच बसला होता. मॅनेजरही होते. मी म्हणाले, "यस सर."

"काय इचारलं त्यांनी?" लेथवाल्यानं मला विचारलं.

"पत्र बरोबर आहे का, असं."

त्यानं कागदावरची आपली सही पाहिली. "ताईनं लिवलंय म्हणल्यावर बरोबरच असंल," तो म्हणाला. "सांगा त्यांना, माझं काय म्हणणं नाय."

तेही मी इंग्रजीत सांगितलं. एकही चूक न करता.