शून्य म्हशींचं दूध

समस्त नागरिकांस, विशेषतः दुधाचा चहा पिणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कोल्हापूर जिल्ह्यात एके काळी अशी काही घरे होती, ज्यांत एकही म्हैस नव्हती आणि तरीही त्या नसलेल्या म्हशी रोज नेमाने दूध देत होत्या. ही अफवा नव्हे. ही माहिती एका थंड खोलीत, काचेआड ठेवलेल्या यंत्राने दिली होती, आणि यंत्र खोटे बोलत नाही असा त्या काळी सर्व सुशिक्षितांचा समज होता.

यंत्र म्हणजे संगणक. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कपाटाएवढ्या त्या संगणकाला उकाडा सोसत नसे. त्यामुळे मे महिन्यात बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही रुमालानं मान पुसत बसलेले आणि आत ऑपरेटर स्वेटर घालून, गळ्याला मफलर गुंडाळून, अशी उन्हाळ्या-हिवाळ्याची सरहद्द एका लहानशा खिडकीतून गेली होती. खिडकीतून आपण छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा आत द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून कागद बाहेर यायचा. त्यावर उत्तर असायचं, किंवा चूक असायची. बहुतेक वेळा चूकच असायची.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. डॉक्टरला लोक निदान दवाखान्यात गाठतात. मला भाजी घेताना गाठत. एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी सरासरी, अशा अवस्थेत मी अनेकदा घरी गेलो आहे. अशीच एकदा एक बाई मला गाठून म्हणाली, "सर, तेवढं यंत्राचं काय दुखतंय ते बघता का?"

बाई बिद्रीच्या पलीकडच्या एका गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. डॉक्टरेटसाठी त्यांनी दुधाचा विषय घेतला होता. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून स्वतःच्या गावापर्यंत गोठ्यागोठ्यात फिरून, शेणात पाय घालून त्यांनी माहिती जमवली होती. सुट्टीतल्या वर्गाला बसून फोरट्रान नावाची यंत्राची भाषा शिकल्या होत्या आणि यंत्रानं काय काय करायचं याचा कार्यक्रमही स्वतःच लिहिला होता. एवढी धडाडी मी पुरुष प्राध्यापकांत पाहिली नाही. ते आपला कार्यक्रम लिहायला मला द्यायचे.

पण रजा संपत आली होती. त्यांचे मार्गदर्शक सर जूनअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागं गाई-म्हशींत रस असलेला एकही मार्गदर्शक शिल्लक राहणार नव्हता. प्रबंध टाइप होऊन तयार होता. त्यात फक्त तक्त्यांच्या जागा कोऱ्या होत्या. आणि दोन वर्षांची मुलगी गावाकडं सासूबाईंजवळ होती. बाई कोल्हापुरात बहिणीच्या घरी राहायच्या, शनिवारी शेवटच्या एसटीनं गावी जायच्या, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. "आधी मी निघाले की रडायची," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. "आता रडत न्हाय." मी चहा मागवला.

आता यंत्राचा स्वभाव सांगतो. पहिली चूक दिसली की ते दप्तर मिटून बसायचं. पुढं किती चुका आहेत हे सांगण्याची त्याला सवड नसे. त्यामुळे आमचा हिशेब दिवसाला एक चूक असा चालला होता. एके दिवशी स्वल्पविराम राहिलेला. दुसऱ्या दिवशी शून्याच्या जागी इंग्रजी ओ. मग एका अख्ख्या गावाचे आकडे एक रकाना उजवीकडं सरकलेले, त्यामुळे एका म्हातारीच्या नावावर अख्खा तबेला लागलेला. चूक सापडायला घटकाभर, दुरुस्त करायला त्याहून कमी, आणि खरी की खोटी ते कळायला उद्या. संगणकामुळे काम झपाट्यानं होतं असं तेव्हा वर्तमानपत्रात यायचं. ते वाचून मला जांभई येई.

शेवटी कार्यक्रम चालला. पहिल्या गावाचा तक्ता अगदी देखणा छापून आला. दुसऱ्या गावात यंत्र अडलं. बाईंनी खिडकीत डोकं घातलं.

"आलं का?"

"आलं की," आतून मफलर म्हणाला. "पर मधीच बसलंय."

"काय म्हणतंय?"

"शून्यानं भाग जात न्हाय म्हणतंय. बाई, चौथीत मास्तरनी सांगितलं नव्हतं व्हय?"

भाग कशाला होता ते सांगतो. घरातल्या दुधाला घरातल्या म्हशींनी भागायचं, म्हणजे दर म्हशीमागं दूध निघतं. आणि यंत्राचं म्हणणं, या घरात दूध आहे, म्हैस नाही. आम्ही त्या घराचं कार्ड काढून डोळ्यांसमोर धरलं. छिद्रं बरोबर. वाचलेले आकडे छापून घेतले. तेही बरोबर. म्हैसच नाही असं कुठंच नव्हतं. एक दिवस गेला. ते कार्ड तात्पुरतं बाजूला ठेवून गठ्ठा पुन्हा दिला, तर यंत्र आणखी थोडं पुढं जाऊन दुसऱ्या घरात अडलं. दुसरा दिवस गेला. मग तिसरं घर. मफलरवाला आता आम्हाला लांबून बघूनच मान हलवायचा. "पावणं, आज बी भाकड!" असं तो ओरडला की व्हरांड्यात बसलेले बाकीचे संशोधक हसायचे. त्यांची स्वतःची जनावरंही काही व्यालेली नव्हती, पण दुसऱ्याचं भाकड असलं की माणसाला बरं वाटतं.

इकडं मार्गदर्शक सर मात्र पहिल्या गावाच्या तक्त्यावर लुब्ध झाले होते. त्या तक्त्यात लहान घरांच्या म्हशी मोठ्या घरांच्या म्हशींपेक्षा कितीतरी जास्त दूध देत होत्या. सर मुळात कळवळ्याचे माणूस. "गरिबाची म्हैस जास्त दूध देते!" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी एका परिसंवादात सांगितलं, मग एका सत्काराला सांगितलं, आणि एका लग्नात पंगतीत बासुंदी वाढणाऱ्यालाही सांगितलं. तिथं मी शेजारीच जेवायला बसलो होतो.

यंत्र अडतंय हे ऐकल्यावर सर म्हणाले, "अहो, गाळून टाका ती घरं. एवढ्या घरांतून थोडी गेली तर काय आभाळ कोसळतंय? मला जूनच्या आत सही करायची आहे तुमच्या प्रबंधावर."

"हो सर," बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून सुटल्यासारखं झालं. व्हरांड्यातल्या त्या बाकानं माझी कंबर धरली होती. घरी बायको विचारायची, "आज म्हशीचं काय?" आणि शेजाऱ्यांना वाटायचं, आम्ही म्हैस घेतोय. गाळा म्हटलं एकदाची.

तर आम्ही दोघं त्या बाकावर गठ्ठा घेऊन बसलो. ज्या ज्या घरात यंत्र अडलं होतं, ती बाजूला ठेवलेली कार्डं बाई कायमची गाळण्यासाठी एकेक करून बघू लागल्या. मला कार्डावर फक्त छिद्रं दिसत. बाईंना माणसं दिसत होती.

"ही ओढ्याकाठची. नवरा मुंबईला गिरणीत. हिनं मला ताक दिलंतं. हिची वाट्याची म्हस." कार्ड बाजूला.

"ही देवळामागची. हिची बी वाट्याचीच."

"ही म्हातारी. मला म्हणाली, पोरगी सोडून हिंडतीस व्हय गं? हिची पण..."

बाई थांबल्या. मीही थांबलो. हातातली सगळी कार्डं वाट्याच्या म्हशींची होती.

शहरी वाचकांसाठी सांगतो. ज्याच्याकडं म्हैस आहे पण चारायला माणूस नाही, तो ती एखाद्या गरीब घरात निम्म्या वाट्यानं बांधतो. सकाळचं दूध मालकाचं, संध्याकाळचं पाळणारीचं. आमच्याकडं यात कुणाला काही नवल वाटत नाही. बाईंनाही वाटलं नाही. त्यांनी सर्वेक्षणात सरळ लिहिलं होतं: स्वतःच्या म्हशी अमुक, वाट्याची निम्मी, दूधही निम्मंच धरलं होतं. यंत्राला सांगितलं होतं, या दोन्हींची बेरीज कर आणि 'म्हैस' नावाच्या डबीत टाक. डब्यांना त्यांनी हौसेनं मराठी नावं दिली होती, इंग्रजी अक्षरांत. आणि त्या भाषेचा नियम असा, की आपण वेगळं काही बजावलं नाही तर डबीच्या पहिल्या अक्षरावरून यंत्र ठरवायचं, हिच्यात अपूर्णांक मावेल की नुसता पूर्ण आकडा. एम अक्षराची डबी पूर्ण आकड्याची. जी अक्षराची अपूर्णांकाला चालणारी. म्हणजे यंत्राच्या गोठ्यात निम्मी गाय बांधता येत होती. निम्मी म्हैस दारातून आत येताच शून्य होत होती.

मी म्हटलं, "बाई, एक आपली आणि एक वाट्याची, असं घर काढा एखादं."

"पहिल्या गावात हायत की भरपूर. नुसती वाट्याचीच असं तिथं कुणाचं न्हाय."

तेवढी बेरीज यंत्राकडून छापून घेतली. ऑपरेटरनं दया येऊन ती संध्याकाळच्या आतच करून दिली. दीड म्हशीच्या जागी एक छापून आली होती.

आता यात गंमत अशी आहे, आणि ती आजही आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. निम्म्या म्हशीच्या घरात यंत्र अडलं, ओरडलं, म्हणून आम्हाला कळलं. दीड म्हशीच्या घरात ते ओरडलं नाही. दीड म्हशीचं दूध मुकाट्यानं एका म्हशीच्या नावावर घालून त्यानं सुबक तक्ता छापून दिला. गरिबाची म्हैस जास्त दूध देत होती ती अशी. अडलेली घरं गाळली असती, तर सगळा प्रबंध अगदी सुरळीत छापला गेला असता, आणि पहिल्या पानापासून खोटा असता.

चूक सापडली की माणूस उड्या मारतो असं म्हणतात. आम्ही भिंतीला डोकी टेकून बसून राहिलो. बाई म्हणाल्या, "म्हणजे सरांचा निष्कर्ष गेला."

"गेला."

"त्यांना कोण सांगणार?"

मी खिडकीकडं बघितलं. मफलरवाला पटकन आत सरकला.

डबीचं नाव बदललं, बाहेर काढलेली कार्डं पुन्हा आपापल्या जागी घातली. यंत्र एकाही गोठ्यात अडलं नाही. कागदाची घडी इतकी जाड आली की ती खिडकीतून तिरपी करून काढावी लागली. लहान घरची म्हैस मोठ्या घरच्या म्हशीइतकंच दूध देत होती. ना कमी, ना जास्त. म्हशीच ना शेवटी.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या खोलीत गेलो. निवृत्तीची आवराआवर चालली होती. पुस्तकं सुतळीनं बांधून भिंतीला लावलेली. 'प्रबंध दाखल करण्यास हरकत नाही' एवढ्या ओळीखाली त्यांची सही झाली की बाई सुटणार होत्या. कागद टेबलावर होता. पेन हातात होतं. सर तक्ते बघत होते.

"मग गरिबाच्या म्हशीचं काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. स्वच्छ, पुस्तकी मराठीत, एकदाही न अडखळता. सरांच्या चेहऱ्यावरचा कळवळा हळूहळू मावळत गेला.

"अहो, पण मी सांगून बसलोय हो सगळीकडं!"

"हो सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तक्ते उलटे केले, जणू पाठीमागं तरी तो निष्कर्ष असेल. मग अचानक त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पेनला टोपण लावलं.

"असं करू. मला वर्षाची मुदतवाढ मिळतेय असं कानावर आहे. घाई कशाला? आणखी थोडी गावं घ्या. नव्यानं माहिती गोळा करा. वर्षभरात निष्कर्ष परत येईल, बघा तुम्ही!"

सरांनी त्याच दिवशी सही केली, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. पण त्याआधी, इतके महिने 'हो सर'च्या पलीकडं न गेलेल्या बाई टेबलावर हात आपटून, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सही करा की वो सर! माझी पोरगी मला मावशी म्हणाय लागलीया!"