जिल्दवाल्या चाचांचं मासिक

जिल्दवाले चाचा मासिक हातात आलं की उघडत नसत, आधी अंगठ्यानं त्याची पाठ दाबून बघत. हिंगोलीतल्या आमच्या शाळेत विज्ञानाचं एक मासिक यायचं, मी शिक्षिका म्हणून लागले त्याच्याही कितीतरी आधीपासून. वर्षाचे बारा अंक जमले की चाचा ते शिवून, पुठ्ठा चढवून एक खंड करून देत. ग्रंथालय माझ्याकडे होतं, म्हणून चाचाही माझ्याच वाट्याला आले.

त्या मासिकाचा इतिहास मला त्यांनीच शिकवला, तोही एकही लेख न वाचता. "हे साल खिळ्यांच्या छपाईचं. हात फिरवा, अक्षर बोटाला लागतं. हा पिवळा कागद म्हणजे तंगी. अन् ह्या साली रंगीत कव्हर आलं, तवाची ऐट बघा." दोऱ्याची शिवण जाऊन तारेच्या पिना आल्या, तेव्हा ते चक्क रुसले. पिना गंजतात म्हणून एकेक उपसून काढत आणि पुन्हा दोऱ्यानं शिवत.

एकदा अकराच अंक मिळाले. मी म्हटलं, टाका बांधून. "एका लेकराला भाईर ठेवून दार लावतेत व्हय, मॅडम?" असं म्हणून चाचा अडून बसले. शेवटी औंढ्याच्या एका शाळेतून तो अंक मीच मागून आणला.

कपाटात खंडांच्या पाठी वर्षागणिक बारीक होत गेल्या. "हे उपाशी मरून राहिलंय," चाचा म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

पुढे वर्गणी मीच बंद केली. मुलं अंक उघडत नाहीत, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. खरं म्हणजे मला फॉर्म भरायचा कंटाळा आला होता. चाचांना सांगायचा मात्र धीर झाला नाही. जूनमध्ये ते अंक न्यायला आले, तेव्हा मी म्हटलं, "पोस्टात अडकलेत." पुढच्या दोन जूनमध्येही तेच सांगितलं. "पोस्ट लई सुस्त झालं," म्हणत ते परत गेले.

गेल्या वर्षी मासिक बंद पडल्याचं पेपरात आलं. दुसऱ्याच दिवशी चाचा हजर. बगलेत तीन नव्या जिल्दा, पाठीवर सोनेरी अक्षरांत मासिकाचं नाव आणि साल. आत काहीच नाही. "अंक आले की नुसतं शिवायचं," म्हणाले. मग शिपायाकडे वळून अभिमानानं सांगू लागले, "लोकायनं घेणं सोडलं म्हणून मेलं ते. आमच्या मॅडमनी न्हाई सोडलं."

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा घ्या, चाचा."

हिवाळ्यात चाचा गेले. त्यानंतर मी मासिकाच्या कार्यालयात फोन लावला. जुने अंक रद्दीत गेले, असं तिकडून कुणीतरी सांगितलं. त्या तीन जिल्दा कपाटात आहेत. आत काही नाही म्हणून त्या उभ्या राहत नाहीत, सारख्या आडव्या पडतात. मी रोज जाऊन उभ्या करते.