चिखलबाईंची भट्टी

माझ्या धाकट्या नणंदेचे खरे नाव शाळेच्या दप्तराबाहेर कोणी वापरत नाही. घरी ती ठकी. लहानपणी एका जागी बसून लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत राही, म्हणून तिच्या दादाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, ते नाव ठेवले. शाळेत ती चिखलबाई. सरकारी हायस्कूलमध्ये ती चित्रकला आणि मातीकाम शिकवते. शिकवत असे, असे म्हणायला हवे. यजमान गेल्यावर ती माझ्या सोबतीला राहायला आली. आल्या दिवशीच मी बजावले, की हात धुतल्याशिवाय दाराच्या मुठीला शिवायचे नाही. तिने हो म्हटले आणि तो नियम एकदाही पाळला नाही.

तिचा वर्ग शाळेच्या तळमजल्यावर, जिन्याखाली. एकच मोठी मोरी, तीही मातीने तुंबलेली. कोपऱ्यात कपाटाएवढी विजेची भट्टी. पलीकडच्या खोलीत संगीताचे सर. मधली भिंत इतकी पातळ, की इकडची मुले तिकडच्या तालावर माती मळत. सर तक्रार करत, "बाई, तुमची पोरं माझ्यापेक्षा चांगला ठेका धरतात, माझी अब्रू जाते." ठकी म्हणे, "मग या की इकडे, माती मळा. काही तरी शिकाल."

दोघांचे असे चाले. दोघांचेही विषय शाळेत कोणाच्या खिजगणतीत नव्हते, त्यामुळे भांडायला त्यांना दुसरे कोणी नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी दोघांना वर बोलावले. शिक्षण खात्याकडून फर्मान आले होते. चित्रकला, मातीकाम, संगीत हे तास बंद करून त्या खोल्या परीक्षेच्या जादा अभ्यासाला द्यायच्या. मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी हातापाया पडून एवढेच पदरात पाडून घेतले, की निर्णयावर सही होण्याआधी खात्याचे साहेब शनिवारी येऊन मुलांचे काम बघतील.

"काही तरी दाखवा," त्या म्हणाल्या, "जे दिसेलही आणि ऐकूही येईल. लांबलचक भाषण नको. साहेबांना वेळ नसतो."

ठकीच्या डोक्यात आले, की मुलांनी मातीची वाद्ये करायची. शिट्ट्या, घंटा, खुळखुळे, वाजवायची मडकी. भट्टीत भाजायची आणि संगीताच्या सरांनी त्यांच्यावर एक छोटी रचना बसवायची. सरांनी कपाळाला हात लावला. "मडक्यातून सूर काढू? वडील सांगत होते, दुकानात बस. तेव्हा ऐकलं नाही." पण दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच तिच्या वर्गात येऊन बसू लागले आणि शिट्टीचे भोक कुठे पाडायचे यावरून मुलांशी हुज्जत घालू लागले. मी ठकीला इतकी आनंदात फार वर्षांनी पाहत होते. जेवताना ती ताटावर बोटाने ठेका धरी. मी म्हणे, "ठके, आमटी वाजत नाही." ती म्हणे, "वहिनी, तू ऐकत नाहीस."

मातीकामातली एक गोष्ट मला तेव्हा कळली. माती वरून वाळलेली दिसली तरी आत ओल असू शकते. अशी वस्तू भट्टीत गेली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि वस्तू फुटते. नुसती फुटत नाही. तिचे तुकडे शेजारच्या वस्तू फोडतात. म्हणून ठकीने मुलांना एक सवय लावली होती. वस्तू गालाला लावायची. गार लागली तर आत ओल आहे, ठेवून द्यायची. गार नाही लागली तर वाळली. बोटांना ते कळत नाही, गालाला कळते. त्या दिवसांत सगळा वर्ग गालावर पांढरे पट्टे घेऊन घरी जाई, आणि कोण कुठल्या तासाला होता हे शाळेच्या फाटकावर ओळखू येई.

वर्गात एक मुलगी होती, शेवटच्या बाकावरची. पूर्ण वर्षात तिने काही केले नव्हते. मातीचा गोळा पुढ्यात घेऊन बसायची आणि तास संपला की तसाच परत ठेवायची. ठकी तिला कधी बोलली नाही. मला म्हणाली, "आईबापांत रोज कटकट आहे म्हणे. निदान इथे तरी कोणी मागे लागू नये."

भट्टी तापायला एक दिवस आणि निवायला एक दिवस. शनिवारसाठी गुरुवारी सकाळी ती चालू व्हायलाच हवी होती. त्या गुरुवारी थंडीने कहर केला होता. बस आली नाही. ठकी बोचऱ्या वाऱ्यातून शाळेपर्यंत चालत गेली. वर्गाच्या दारात ती शेवटच्या बाकावरची मुलगी उभी होती. दोन्ही हातांत मोठी घंटा. जाडजूड, ओबडधोबड, पण वरच्या कडीशी एक चिमणी बसवलेली, आणि ती चिमणी, ठकी म्हणते, खरोखर मान वळवून बघत होती.

"बाई, माझी पण घ्याल?"

"कधी केलीस?"

"सोमवारी. घरी. वाळलीय."

ठकीने घंटा गालाला लावली. गार लागली नाही. तिने ती भट्टीत मधल्या फळीवर ठेवली, सगळ्यांच्या मधोमध, कारण मुलगी बघत होती.

दुपारच्या आत भट्टीतून आवाज आला. संगीताच्या सरांना वाटले, वरच्या वर्गात बाक पडला. ठकीला लगेच कळले. मग दुसरा आवाज, आणि मागोमाग आणखी काही. त्या वेळी भट्टी बंद केली असती तर जे उरले होते ते कच्चेच राहिले असते आणि पुन्हा भाजायला दिवस नव्हता. चालू ठेवली तर जे वाचले असेल ते तरी पक्के होईल. तिने चालू ठेवली. मग दिवसभर इतर वर्गांना रेषा आणि रंग शिकवत राहिली.

संध्याकाळी घरी येऊन ती कोट न काढताच खुर्चीत बसली.

"वहिनी, आत काही तरी फुटलं."

"एखादं फुटलं असेल. एवढ्यांत एखादं फुटायचंच."

"एकटं फुटत नाही ते."

मी चहा पुढे केला. तिने कप उचलला, आणि का कोण जाणे, गालाला लावला. मग तिचा चेहरा उतरला.

"मी वाऱ्यातून चालत गेले होते," ती म्हणाली. "माझा गालच गार होता. दगड लावला असता तरी गार लागला नसता. वहिनी, ती घंटा ओली होती."

एवढ्या वर्षांत हजारो वस्तू तिने गालाला लावून पारखल्या होत्या. मी तेच म्हणाले. ती म्हणाली, "म्हणूनच दुसऱ्यांदा लावून पाहिली नाही."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर भट्टी उघडायची होती. तिला एकटीला पाठवायला माझा जीव धजेना, म्हणून मीही गेले. सर आधीच येऊन थांबले होते. ठकीने भट्टीचे दार उघडले. आत घर पाडल्यावर जसा ढिगारा दिसतो तसे होते. मडक्यांचे काठ, शिट्ट्यांची अर्धी तोंडे, खुळखुळ्यांतले मणी इकडेतिकडे सांडलेले. खालच्या फळीवर काही शिट्ट्या आणि एक मडके तेवढे धड होते.

ठकीने आधी जाड तुकडे वेचले. एकेक करून. अर्धी चिमणी सापडली तीही उचलली आणि सगळे एप्रनच्या खिशात घातले.

"कुणाचं होतं?" सरांनी विचारले.

"माझं."

"बाई, इतकं जाड तुम्ही कधी करत नाही."

"या वेळी केलं."

सर माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितले. मुलांनी विचारले तरी हेच सांगायचे, असे तिने आम्हा दोघांकडून कबूल करून घेतले. मलाही तेव्हा ते बरोबर वाटले. एका मुलीने वर्षभरात एक गोष्ट केली आणि तिनेच सगळ्यांचे सगळे फोडले, हे तिला का कळावे?

शनिवारी साहेब आले. मफलरही न काढता उभे राहिले. सरांनी रात्रीतून रचना बदलली होती. वाचलेल्या शिट्ट्या, ते एक मडके, आणि बाकीच्या मुलांनी बाकांवर हातांनी ठेका धरायचा. मुले मनापासून वाजवत होती, पण शिट्ट्या कमी आणि बाक जास्त, त्यामुळे ते शेवटी बाक बडवण्यासारखेच ऐकू आले.

"छान," साहेब म्हणाले. "पण तुमच्या पत्रात तर मातीची वाद्यं असं लिहिलंय. ती कुठायत?"

मुख्याध्यापिकाबाईंनी ठकीकडे पाहिले.

"भट्टीत फुटली," ठकी म्हणाली. "मी ओली वस्तू आत ठेवली. चूक माझी."

"म्हणजे स्फोट झाला?"

"स्फोट नाही साहेब. भट्टीचं दार बंद होतं. आतल्या आत फुटतं, बाहेर काही येत नाही."

"शाळेच्या इमारतीत? खाली? मुलं असताना?" त्यांनी बरोबरच्या कारकुनाला लिहून घ्यायला सांगितले. "आणि वापरणाऱ्या शिक्षिकाच म्हणतात, त्यांची चूक. मग कसं व्हायचं?"

पुढच्या आठवड्यात हुकूम आला. त्यात तास बंद करण्याचे पहिले कारण मुलांची सुरक्षितता असे दिले होते. सर म्हणतात, सगळे आधीच ठरले होते, वाद्ये वाजली असती तरी सही झालीच असती. ठकीला ते पटत नाही. मला पटते, पण मी आता तिच्याशी त्यावर वाद घालत नाही. पटूनही हाती काही येणार नाही.

साहेब गेले त्या दुपारीच मुले फुटके तुकडे बघायला भट्टीभोवती जमली. ठकीने ते टोपलीत काढून ठेवले होते. ही माझी शिट्टी, हे माझं मडकं, बघ ना याचा काठ, असे करत मुले आपापले तुकडे शोधून घेत होती. एक-दोघींना रडू आले, बाकीची हसतही होती. शेवटच्या बाकावरची मुलगी टोपलीत हात घालून बराच वेळ चाळत राहिली. मग ती मोरीपाशी उभ्या असलेल्या ठकीकडे आली.

"बाई, माझ्यामुळे झालं का?"

"नाही गं. माझं फुटलं आधी."

"मग माझी घंटा कुठे आहे?"

सगळ्यांचे तुकडे टोपलीत होते. फक्त तिचेच नव्हते. चांगुलपणाने लपवले आणि लपवल्यानेच कळले. तुकडे टोपलीत राहू दिले असते, तर ती चिमणीही त्या ढिगात इतरांसारखीच एक फुटकी वस्तू झाली असती.

मुलगी बाकावर जाऊन बसली.

भट्टी भंगारवाल्याने नेली. मोरी बुजवली. त्या खोलीत आता रांगेने बाक आहेत आणि मुले तिथे खाली मान घालून परीक्षेचा अभ्यास करतात. ठकीची नोकरी गेली नाही. त्याच खोलीत देखरेखीला तिला बसवले आहे. बोलायचे नाही, बोलू द्यायचे नाही, एवढेच काम. संगीताच्या सरांची बदली झाली. पलीकडून आता काही ऐकू येत नाही.

ती मुलगीही त्या खोलीत असते. तीच शेवटची जागा.

"बोलते का कधी?" मी काल विचारले.

"नाही."

"मग तू बोल."

"काय बोलू वहिनी? खरं सांगितलं तर सगळ्यांचं तिच्यामुळे फुटलं. खोटं सांगितलं तर ते खोटं आहे हे तिला माहीत आहे. आणि तिसरं काही बोलायचं म्हटलं तर तिथे बोलायला बंदी आहे. ती बंदी राखायला मीच बसलेय."

मी पान वाढले. तिने न सांगता हात स्वच्छ धुतले, पाटावर बसली आणि समोर होते ते जेवली.